पाचोळ्याखालची भेग

संशोधन केंद्रात तिला सगळे सायरन म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर बाईच म्हणत. पण ती चहाच्या खोलीत शिरली की कुणीतरी हळूच कानांत बोटं घाली आणि बाकीचे हसू दाबत कपात बघत बसत.

नाव पडलं त्याला कारण होतं. मागच्या वर्षी एका सकाळी ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालेलं तिनं पाहिलं आणि डोंगर घसरतोय म्हणून फोन केला. खालचा रस्ता दोन दिवस बंद राहिला. गाड्यांच्या रांगा लागल्या, लोकांनी यच्चयावत शिव्या हासडल्या, आणि शेवटी निघालं काय, तर वरच्या अंगाला कुणीतरी ओढ्यातून ओंडके ओढून नेले होते. फोन तिचा होता, पण रस्ता बंद करायच्या कागदावर सही होती तिच्या धाकट्या बहिणीची. बहीण रस्ते विभागाच्या नियंत्रण कक्षात होती. तिला लेखी खुलासा द्यावा लागला, वर दोन महिने रोज सकाळची पाळी. बहीण तिला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं हिला वाटत राहिलं.

मुळात ती भित्रीच. जिना उतरताना कठडा न सोडणारी, गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या वाटेतून परत फिरणारी. अशा बाईला नोकरी मिळाली ती जंगलात. काम अगदी साधं: दर सोमवारी डोंगराच्या उतारावर जायचं, आखून ठेवलेल्या बारा चौकोनांतला पाचोळा गोळा करायचा, कागदी पिशव्यांत भरून आणायचा, वजन करायचं, ओव्हनमध्ये दोन दिवस सुकवायचा आणि परत वजन करायचं. दोन वजनांतला फरक म्हणजे पाचोळ्यातलं पाणी. सात वर्षं ती पाणी मोजत होती.

हे मोजायचं कशासाठी, तेही सांगायला हवं. उताराच्या मध्यावर एक लोखंडी टॉवर होता आणि त्याच्या टोकाला खाली तोंड करून टांगलेलं एक यंत्र. आपण हात लावून ऊब ओळखतो, तसं ते यंत्र लांबूनच जमिनीतून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी ओळखायचं. कोरड्या मातीतून त्या भरपूर निघतात, ओल्या मातीतून कमी. वर आकाशातून फिरणारा उपग्रहही तेच करतो, फक्त अख्ख्या डोंगररांगेचं एकदम. टॉवरवरचे आकडे आणि उपग्रहाचे आकडे ताडून केंद्रातले सर एक नकाशा काढत. हिरवा म्हणजे जमीन कोरडी, पिवळा म्हणजे सांभाळा, तांबडा म्हणजे उतार पाण्यानं भरलाय, खालचा रस्ता बंद करा. पूर्वी जमिनीत पुरलेले सेन्सरही होते, पण त्यांच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या आणि नवे यायचे ते येतच होते. त्यामुळे सगळी भिस्त नकाशावर.

त्या सोमवारी पावसाला अकरा दिवस झाले होते. धो धो नव्हे. चिवट, भुरभुरता, घरी न जाणाऱ्या पाहुण्यासारखा. आणि नकाशावर डोंगर हिरवागार होता.

तिला उतारावरचा पाचोळा तीन आठवड्यांपासून खटकत होता. त्या वर्षी वादळानं झाडं ओरबाडली होती आणि वर नेहमीची पानगळ होतीच. एरवी दोन बोटं जाडीचा असायचा तो पाचोळा आता वीतभर झाला होता. तिच्या पिशव्या फाटत होत्या इतका तो भिजला होता. आणि भिजलेला पाचोळा लबाड असतो, हे तिला वाचून नव्हे तर आकडे लिहून लिहून ठाऊक झालं होतं. तो स्वतःच लहरी सोडतो आणि खालच्या मातीच्या लहरी गिळून टाकतो. यंत्राला वाटतं आपण माती बघतोय. बघत असतं ते पाचोळ्याचं पांघरूण. तिनं आठवड्याच्या तक्त्यात जाडी लिहिली होती, नेहमीच्या बारीक अक्षरात, नेहमीच्या रकान्यात. वर जाऊन सरांना सांगायला हवं होतं. जिन्यापर्यंत ती दोनदा गेलीही होती. पण कानांत घातलेली ती बोटं डोळ्यांपुढे आली आणि ती परत फिरली.

तर त्या सोमवारी अकराच्या सुमाराला ती उतारावर होती. सोबत जंगलाच्या फाटकावरचा चौकीदार. साठी ओलांडलेला, गुडघ्यांनी कुरकुरणारा, पण तोंडानं एकदम ठणठणीत. फाटकापासून इथवर पाऊण तासाची वाट. गाडी फाटकाशीच राहायची.

"बाई, आज पाखरं कुठं गेली म्हणायची?" चौकीदार म्हणाला.

"पावसात कशाला बाहेर पडतील?"

"अकरा दिवस उपाशी राहतील होय? पाखरं आहेत, उपासवाली नव्हेत."

ती हसली आणि चौथ्या चौकोनाकडे निघाली. टॉवरच्या वरच्या अंगाला होता तो, वीस पावलांवर. नेहमीची वाट. तिनं डावा पाय टाकला आणि पाय खाली टेकलाच नाही.

पाचोळा नुसता बाजूला झाला. ती मांडीपर्यंत आत गेली. दुसरा पाय वर मुडपला, हातातल्या पिशव्या उडाल्या, आणि खाली गेलेल्या पायाला काहीच लागलं नाही. ना दगड, ना तळ. फक्त थंडी लागली. बुटात पाणी शिरलं तेव्हा तिला कळलं की तिथं खाली पाणी आहे.

 चौकीदारानं मागे वळून पाहिलं, धावत आला आणि तिच्या काखेत हात घालून त्यानं तिला वरच्या अंगाला ओढून काढलं. दोघंही पाचोळ्यात बसली. तिचा एक बूट आतच राहिला होता.

"खड्डा असेल बाई. साळिंदरं उकरतात."

 पाचोळ्याची जाडी मोजायची लोखंडी सळई तिच्याजवळ होती. तिनं ती खड्ड्याच्या उजवीकडे, हातभर अंतरावर खुपसली. सळई माती लागेपर्यंत वीतभर गेली पाहिजे. ती मुठीपर्यंत गेली. आणखी उजवीकडे खुपसली. तशीच गेली. डावीकडे. तशीच.

"काका," ती म्हणाली, "हा खड्डा नाहीये."

भेग होती ती. डोंगराला आडवी गेलेली, हातभर रुंद, आणि तिच्यावर पाचोळा असा अंथरलेला की वरून पाहणाऱ्याला सुरकुतीसुद्धा दिसू नये. गेल्या सोमवारी ती इथूनच गेली होती. तेव्हा भेग नव्हती, की तेव्हा पाय दोन बोटं पलीकडे पडला होता, कोण जाणे. 

तिनं हातांनी पाचोळा उपसला. वरची पानं, मग चिकट काळा कुजका थर, मग माती. मातीत तिनं बोट घातलं. बोट लोण्यात जावं तसं गेलं आणि बाहेर काढल्याबरोबर त्या भोकात पाणी चढलं. खालून वर. भरलेल्या हंड्याला चीर जावी तसं.

"पळू या," चौकीदार म्हणाला.  "बाई, हे काही खरं नाही. आपण पळू या."

तिलाही दुसरं काही सुचत नव्हतं.  पण पळायचं कुठं? भेग कुठून कुठपर्यंत गेलीय हे कळल्याशिवाय पळणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. आणि उताराच्या पायथ्याशी, सरळ खाली, रस्ता होता. रस्त्याला लागून लाकडाची वखार आणि वखारीतल्या माणसांची पाच घरं. साडेबाराला तिथं बस थांबायची. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

फाटकापर्यंत पाऊण तास, तिथून फोनला रेंज मिळेपर्यंत गाडीनं अर्धा तास. म्हणजे बस निघून गेल्यावर. रेंज मिळायची ती जवळ एकाच ठिकाणी: टॉवरवर, तिसऱ्या फळीच्या वर. सगळ्यांना ठाऊक होतं. तरुण पोरं घरी फोन करायला तिथं चढायची. आणि टॉवर भेगेच्या खालच्या बाजूला होता. म्हणजे जो तुकडा सुटून निघाला होता, नेमका त्याच्यावर.

ती सळईनं टोचत टोचत भेगेच्या कडेकडेनं निघाली. एक पाऊल, एक टोचा. एका पायात बूट, दुसऱ्यात भिजलेला मोजा. चौकीदार मागे काटक्या रोवत येत होता, म्हणजे भेग कुठून जाते ते दिसावं. साठ पावलं गेल्यावर भेग खाली वळली आणि मग एका मोठ्या खडकाशी संपली. खडकाच्या पलीकडे सळई वीतभर जाऊन टक्कन थांबली. पलीकडची डोंगराची सोंड घट्ट होती.

"काका, तुम्ही या सोंडेवरून खाली उतरा. काही झालं तरी खडकाच्या अलीकडे यायचं नाही. वखारीतल्या माणसांना बाहेर काढा."

"आणि तुम्ही?"

"मी फोन करते."

चौकीदारानं टॉवरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मी चढतो बाई. तुम्ही खाली जा."

"तुमचे गुडघे तुम्हाला पहिल्या फळीवर तरी चढू देतील का? आणि फोनवर काय सांगाल?"

त्यानं रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली. मग म्हणाला, "पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते ऐकलं होतं. बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं." आणि सोंडेवरून गुडघे धरत उतरायला लागला.

टॉवरपर्यंत जायला तिला भेग ओलांडावी लागली. चौकोन आखायच्या दोन फळ्या होत्या, त्या तिनं आडव्या टाकल्या आणि चार पायांवर, लहान मुलासारखी, पलीकडे गेली. टॉवरला चहूबाजूंनी ताणाच्या तारा होत्या. वरच्या अंगाच्या दोन तारा भेगेपलीकडे जमिनीत रोवलेल्या. त्या इतक्या ताणल्या होत्या की वाऱ्यानं गुणगुणत होत्या. एरवी या तारांना धरून ती बुटातली माती झाडायची. आता त्यांच्याजवळून जातानासुद्धा तिनं मान आत घेतली.

शिडी चढताना ती मोजत होती. शिडीच्या पायऱ्या नव्हे; घड्याळातली मिनिटं तर नव्हेच. ती बहिणीच्या घराच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत होती, डोळे मिटून, कारण तो जिना पक्का होता. पहिली फळी. दुसरी. तिसऱ्या फळीवर यंत्राचा कोन जुळवायला एक पाणसळ बसवलेली होती, काचेच्या नळीतला बुडबुडा मध्यावर राहावा म्हणून. बुडबुडा नळीच्या टोकाला जाऊन चिकटला होता.

तिनं चौथ्या फळीचा गज काखेत घट्ट धरला आणि बहिणीला फोन लावला.

"छोटी, मी बोलतेय. डोंगरावरून. रस्ता बंद कर."

पलीकडे मागे कुणाचं तरी टायपिंग चालू होतं.

"ताई, माझ्यासमोर नकाशा आहे. तुझा डोंगर हिरवा आहे. आजचा, सकाळी आठचा."

"तो पाचोळा हिरवा आहे. माती नाही. उपग्रहाला माती दिसतच नाहीये, पाचोळा वीतभर जाड झालाय आणि चिंब झालाय, तो स्वतःच लहरी सोडतोय. सरांच्या हिशेबात दोन बोटं जाडी धरलेली आहे. खाली माती नुसती लापशी झालीय, छोटी. वर भेग पडलीय. मी पडले तिच्यात."

"पडलीस? लागलं का?"

"बूट गेला."

बहिणीनं श्वास घेतलेला तिला ऐकू आला. मग तिनं आवाज खाली आणला, बहुधा शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "ताई, एकच विचारते. रागावू नकोस. तू घाबरलीयस म्हणून सांगतेयस, की बघून सांगतेयस?"

"दोन्ही," ती म्हणाली.  "मी इतकी घाबरलेय की मला इथून खाली उतरता येईल असं वाटत नाही. पण भेग हातभर रुंद आहे आणि साठ पावलं मी सळई घालून मोजलीय. दुसऱ्या अंगाला आणखी आहे. टॉवर कललाय."

"तू टॉवरवर आहेस?"

"रेंज इथंच मिळते."

पुढचं बहिणीनं तिला विचारलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं: रस्त्याची दोन्ही फाटकं टाका. माझ्या सहीनं. नाही, साहेबांना नंतर सांगते. मग परत तिच्याशी: "ताई, बस खालच्या फाटकातून दहा मिनिटांपूर्वी आत गेलीय. आज लवकर आहे. ड्रायव्हरचा फोन लागत नाहीये. तुला रस्ता दिसतो का वरून?"

"वखारीपुढचा थोडासा."

"मग फोन ठेवू नकोस. बस निघून गेली की मला सांग. ती वरच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत मला तिथं एक माणूस उभा करून ठेवायचाय."

म्हणजे उतरायचं नाही. तिनं गजाला दुसरा हातही लपेटला. झाडांच्या शेंड्यांतल्या फटीतून वखारीचं पत्र्याचं छप्पर आणि रस्त्याचा तुकडा दिसत होता. पाऊस तोंडावर येत होता. आणि आता, शांत उभं राहिल्यावर, तिला आवाज ऐकू यायला लागला. खालून, जमिनीतून. तट्ट. मग बराच वेळ काही नाही. मग परत, जरा लांबून, तट्ट. कुणीतरी जुनी दोरी धागा धागा करून तोडावी तसा. मुळं तुटत होती.

"ताई? बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. जेवलीस का सकाळी?"

"मुळं तुटतायत, छोटी."

पलीकडे बहिणीनं दुसऱ्या फोनवरून ड्रायव्हरला परत लावून पाहिला.

बस आली. निळं छप्पर फटीत शिरलं आणि तिथंच थांबलं. वखारीचा थांबा. एक मिनिट थांबायची ती नेहमी. एक मिनिट गेलं, दोन गेली. ड्रायव्हर उतरला. चौकीदाराचा खाकी रेनकोट दिसला, हातवारे करणारा. म्हणजे म्हातारा पोहोचला होता. त्या गुडघ्यांनी. मग घरांतून माणसं निघायला लागली. कुणाच्या काखेत मूल, कुणाच्या डोक्यावर गादी. गादी कशाला घेताय, ती मनातल्या मनात ओरडली, चला ना, चला. एक बाई बसच्या पायरीवरून उतरून परत घरात गेली. चौकीदार तिच्यामागे. सगळी बस, चाळीसेक माणसं, त्या एका बाईसाठी डोंगराच्या तोंडाशी उभी. आणि तिनंच तर माणसं बाहेर काढा म्हणून चौकीदाराला पाठवलं होतं. पाठवलं नसतं तर बस केव्हाच गेली असती.  आपण चाळीस माणसांना आपल्या हातानं इथं उभं करून ठेवलंय, असं तिला वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

"निघाली का?"

"नाही."

"किती वेळ झाला?"

"सात मिनिटं. आठ."

टॉवर हलला. फार नाही, झोपेत कुणी कूस बदलावी तेवढाच. वरची एक तार किंचाळल्यासारखी वाजली आणि परत गुणगुणायला लागली. तिची विजार ओली झाली होती, पावसानं की कशानं, हे तिनं पुढेही कधी कुणाला सांगितलं नाही, फक्त बहिणीला सांगितलं.

अकराव्या मिनिटाला ती बाई बाहेर आली. तिच्या हातात शिलाईचं मशीन होतं आणि दुसरं टोक चौकीदारानं धरलं होतं. दोघं चढली. दार लागलं. निळं छप्पर फटीतून सरकलं आणि दिसेनासं झालं.

"गेली," ती म्हणाली. "छोटी, गेली."

"आता उतर. लगेच. फोन खिशात ठेव आणि उतर."

उतरताना तिनं सरांना फोन केला नाही. हात मोकळा नव्हता आणि डोकंही. फळ्यांवरून ती रांगत परत आली, काटक्यांच्या रांगेनं खडकापर्यंत गेली, पलीकडे सोंडेवर पोहोचली आणि तिथं एका झाडाच्या बुंध्याला मिठी मारून बसली. किती वेळ, ते तिला आठवत नाही.

आता कुणाला वाटेल की लगेच डोंगर कोसळला. नाही कोसळला. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

सोमवारी संध्याकाळी सरांनी तिला बोलावलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली. सर तिचेच तक्ते पुढ्यात घेऊन बसले होते, मागच्या तीन आठवड्यांचे.

"वीतभर जाडी तुम्ही लिहिली होती," ते म्हणाले. "मी वाचली नाही. तुम्ही सांगितलंही नाहीत."

"मला भीती वाटली सर."

"डोंगराची?"

"हसण्याची."

सरांनी तक्ते परत चाळले. भिजला पाचोळा मातीला झाकतो, हे त्यांनीच एका अहवालात लिहून ठेवलं होतं. पण नकाशाच्या हिशेबात मात्र एक ठरावीक आकडा घालून ते मोकळे झाले होते. त्यांनी नवी जाडी घालून सगळं परत काढलं. डोंगर तांबडा झाला नाही. काहीच धड झालं नाही. कुठं हिरवे ठिपके, कुठं तांबडे, गोवर अंगभर उठावा तसे. "यातून काहीच कळत नाही," सर म्हणाले. "म्हणजे आजवरही कळत नव्हतं." तेही घाबरले होते, हे तिला तेव्हा दिसलं. अशा किती डोंगरांचे नकाशे त्यांनी हिरवे रंगवून पाठवले होते.

मंगळवारी रस्त्याच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली. वखारीतली माणसं शाळेच्या खोल्यांत राहिली होती, ती घरी सोडा म्हणून हटून बसली. शिलाईवाली बाई म्हणाली, तिची गिऱ्हाइकं तुटतायत. बुधवारी सकाळी बहिणीच्या साहेबांनी खुलासा मागवला, संध्याकाळी पाचपर्यंत. बहिणीनं तो लिहायला घेतला.

हे दोन दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. डोंगर घसरू नये असं तिला मनापासून वाटायचं. आणि घसरलाच नाही तर, हेही वाटायचं. मग बहिणीची नोकरी, आपलं तोंड, सगळंच गेलं. म्हणजे आपल्याला तो घसरायला हवाय की काय? या विचाराची तिला इतकी लाज वाटली की मंगळवारी रात्री ती जेवली नाही.

बुधवारी दहा वाजून काही मिनिटांनी तो घसरला. फाटकावरच्या लोकांनी पाहिलं. आवाज मोठा झाला नाही म्हणतात. चादर ओढून काढावी तसा जंगलाचा अख्खा तुकडा, उभ्या झाडांसकट, खाली आला. टॉवर थोडा वेळ त्या झाडांसोबत सरळ उभाच चालला आणि मग दिसेनासा झाला. वखार, पाच घरं आणि रस्त्याचा दोनशे पावलांचा पट्टा गाडला गेला. माणूस एकही नाही. एक बांधलेली शेळी गेली. तिची कुणाला आठवणच राहिली नव्हती.

बातमी कळली तेव्हा ती ओव्हनपाशी होती. ती खाली फरशीवरच बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चहाच्या खोलीतला एक जण येऊन तिच्या शेजारी फरशीवर बसला आणि त्यानं तिला पाणी दिलं. संध्याकाळी बहीण आली. दोघी एकाच पलंगावर झोपल्या, लहानपणीसारख्या. दिवा चालू ठेवला.

"तुला कधी कळलं की मी खरं सांगतेय?" तिनं विचारलं.

"मला नाहीच कळलं," बहीण म्हणाली. "मी सही केली तेव्हाही नाही. तू चुकली असतीस तर मी संपले असते, आणि नसतीस तर ती बस. दोन्हीकडे आग. मी बसकडे बघितलं, इतकंच."

पुढे नकाशाला चौथा रंग आला, राखाडी. जिथं झाडी दाट आणि पाचोळा जाड, तिथं राखाडी. म्हणजे वरून कळत नाही, जाऊन बघा. निम्म्याहून जास्त डोंगर राखाडी निघाले. वरच्या कार्यालयांना ते अजिबात आवडलं नाही. नकाशा काढता कशाला मग, असं त्यांनी लिहून विचारलं. सरांनी रंग बदलला नाही. जमिनीतले सेन्सर मात्र पंधरा दिवसांत आले, या वेळी जाड लोखंडी नळ्यांत घातलेले.

नवी जागा पलीकडच्या डोंगरावर आखली. पहिल्या सोमवारी ती फाटकापर्यंत गेली आणि गाडीतून उतरू शकली नाही. समोर पाचोळा पसरला होता, वाळका, तांबूस, मऊ दिसणारा. तिला त्याच्या खाली काय आहे ते दिसत नव्हतं आणि पाय उचलत नव्हता. चौकीदार शेजारच्या सीटवर बसून होता. त्यानं घाई केली नाही. गुडघ्यांची तक्रार सांगितली, सुनेची सांगितली, शिलाईवाल्या बाईनं त्याला फुकट शर्ट शिवून दिला त्याची बाही कशी आखूड झालीय तेही दाखवलं. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "आज नाही जमणार काका."

"नको तर नको," तो म्हणाला आणि त्यानं ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली.

दुसऱ्या सोमवारी ती उतरली. सळई आधी, पाऊल नंतर. बारा चौकोनांना पूर्वी दोन तास लागायचे. आता पाच लागतात. कुणी विचारलं तर ती सांगते की हो, भीती वाटते, दर पावलाला वाटते. आणि मग सळई खुपसून किती आत गेली ते वहीत मोठ्या अक्षरात लिहिते.